डाव्या हातचा घास

॥ श्री ॥

सदर बाजार, जबलपूर
दि. २४ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. बेबीवहिनींस, अंजनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

रामरावांबरोबर पाठवलेलं परवा संध्याकाळी पोचलं, ते असं: वेताची करंडी एक, सुतळीनं बांधलेली, तीत मांजर एक, पांढरी, शेपटीचं टोक करडं, चिन्नोर तांदूळ साडेपाच शेर (तुम्ही सहा लिहिले होते, पिशवीच्या कोपऱ्याला भोक आहे), आवळ्याचं लोणचं, बरणी एक, न फुटता. खर्च: स्टेशनापासून सायकलरिक्षा बारा आणे, आणि नैनपूरला गाडी थांबली तेव्हा रामरावांनी मांजरीसाठी घेतलेलं दूध दोन आणे. रामराव दुधाचे पैसे घेत नव्हते. मी बळेच दिले. आपल्या घरच्या मांजरीचा खर्च शेजाऱ्यानं काहून सोसावा?

पण ते दूध तिनं प्यायलंच नाही. इथं आल्यावर मी वाटीत दिलं, वास घेऊन मागे सरली. कोमट केलं, तरी तेच. साखर घातली, तरी तेच. शेवटी त्याचं विरजण लावलं. शेजारच्या नर्मदादीदी बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "दूध नहीं पीती? तो बिल्ली काहे की, अंजनी! किसी साधू के घर से लाई हो क्या?" मी म्हटलं, माझ्या माहेरची आहे. तर म्हणतात, "अच्छा, तभी!"

ज्या उंदरांसाठी तुम्ही ही पाठवली त्यांचं म्हणाल तर काल एक मोठा तिच्यासमोरून तांदळाच्या डब्याकडे गेला. हिनं पाहिलं आणि डोळे मिटले.

दोन दिवसांत तिच्या पोटात काही गेलेलं नाही. मुका जीव घरात उपाशी ठेवून मला देवापुढं बसवत नाही. ती तुमच्याकडे काय खायची, केव्हा खायची, कोण घालायचं, हे सविस्तर लिहावं. नावही लिहावं. भाऊबीजेला आले तेव्हा ही सदा बाबांच्या पाटाजवळ दिसे, पण आपण बायका मागून जेवतो, त्यामुळे खाताना पाहिली नाही.

तेव्हाच विचारायचं राहिलं. बाबांनी धोतराला पोटावर जास्तीचा पीळ दिलेला दिसला. ते जेवतात ना नीट? घरात तुम्ही असताना मला काळजी नाही, तरी लिहावं. दादाला नमस्कार, प्रतिमाला आशीर्वाद.

आपली,
अंजनी


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गोंदिया, ३० नोव्हेंबर

चि. सौ. अंजनीवन्सं, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तांदूळ सहाच शेर मोजून भरला होता, पिशवीचं भोक तुमच्या रामरावांना विचारा.

मांजर दूध पीत नाही वाचून आम्ही सगळे हसलो. खरं सांगू का, आमच्याकडे तिला दूध द्यायचं कोणाला सुचलंच नाही. बाबांना हल्ली दूध फार लागतं. सकाळी पेलाभर, रात्री पेलाभर, जेवताना ताक निराळं. त्यातून उरतं काय! ती काय खायची ते मला विचारू नका. मी तिला कधी एक शीत घातलं नाही. श्रावणात भिजत आली तेव्हा मुठीएवढी होती, तीन महिन्यांत उशीएवढी झाली. चोरून खात असणार, दुसरं काय. बाबा तिला पाहुणी म्हणत. मीही तेच म्हणे, पण वेगळ्या अर्थानं.

बाबांच्या जेवणाची तुम्ही चिंता करू नका. तुम्ही गेल्यावरसुद्धा ताट घासायला टाकताना मी पाहत होते, शीतही शिल्लक नसे. पोळ्या दोन, भाजी, भात दोन वेळा, सगळं साफ. पण अंगी लागत नाही. वय झालं वन्सं, सत्तरीला टेकले. तिकडे सासूच्या अंगी तरी लागतं का?

आता मात्र निराळंच सुरू झालं आहे. पाहुणी गेल्यापासून बाबांचं ताट अर्धं परत येतं. विचारलं तर म्हणतात, भूक नाही. परवा पोळीला हात लावला नाही, वरणाचं पाणी तेवढं प्यायले. लेकरासारखं रुसून राहिले आहेत. हे त्यांना म्हणाले, "बाबा, एका मांजरीसाठी अन्न टाकता?" तर हसले फक्त. निघेल मनातून आठ दिवसांत.

प्रतिमाचं लग्न माघात धरलं आहे, देव पार पाडो. तुमच्या सराफ्यात पाटल्यांची घडणावळ काय चालली आहे ते विचारून ठेवा. इकडे सोनार तोंडाला येईल ते सांगून राहिले.

तुमची,
बेबी


॥ श्री ॥

जबलपूर, ६ डिसेंबर १९६१

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

सराफ्यात जाऊन आले. तीन दुकानांत विचारलं. भाव वेगळ्या कागदावर लिहून आत घातला आहे.

पाहुणी आता जेवते. कसं ते लिहिते, कारण मला त्याचा उलगडा होत नाही आणि तुम्हाला कदाचित होईल.

मागच्या रविवारच्या आधीचा रविवार. ह्यांना एरवी फॅक्टरीचा भोंगा सुटायच्या आत चार घास खाऊन सायकल काढावी लागते. रविवारी तेवढे सोवळ्यात, शांतपणे जेवतात. ताटाभोवती पाणी फिरवलं, उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती घातल्या, आणि कोनाड्यात निजलेली पाहुणी उठली. थेट येऊन ह्यांच्या डाव्या मांडीशी बसली. चित्राहुतींकडे पाहिलंही नाही. जरा वेळानं पंजा मांडीवर ठेवला. हे ओरडले, "अगं, हिला काय पाहिजे? हिला मी सासरेबुवा वाटलो का?" ह्यांनी उजव्या हातानं पोळीचा तुकडा पुढं केला. घेतला नाही. तशीच पंजा ठेवून बसली.

सोमवारी मी पोळ्या लाटत होते. उजवा हात पिठात. ती डाव्या अंगाला येऊन बसली म्हणून सहज डाव्या हातानं, गुडघ्याच्या खालून, पोळीचा तुकडा दिला. लगेच खाल्ला. दुसरा दिला, तोही. उजव्या हातानं देऊन पाहिलं, तोंड फिरवलं. पुन्हा डाव्यानं, की खाल्ला. नर्मदादीदींना बोलावून दाखवलं. त्या पोट धरून हसल्या. "बाएँ हाथ से! हे राम, इसे किस मास्टर ने पढ़ाया?"

तेव्हापासून मी हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर रोज लिहून ठेवते. ते खाली उतरवते.

खाते: पोळी, मऊ असो की कडक. भात, मोकळा. वांग्याची, भोपळ्याची, बटाट्याची फोड. भिजवलेल्या डाळीची उसळ. भाकरी. तुमचं आवळ्याचं लोणचंसुद्धा, रस पुसून फोड दिली तर.

खात नाही: दूध, दही, ताक, कढी, वरणाचं पाणी, खीर, पेज.

घास ओला आणि बोटांनी मळलेला लागतो. एकदा चावल्यासारखा. माझी किंवा ह्यांची नजर तिच्याकडे असली तर खात नाही, दुसरीकडे पाहिलं की खाते. आणि मी वाढायला पळी घेऊन समोर आले की तोंडातला घास तसाच धरून स्तब्ध बसते. मी वळले की गिळते.

तिसऱ्या तारखेला एकादशी झाली. घरात फराळाचं, पाट-ताट मांडलंच नाही, म्हणून तिच्यासाठी भात निराळा केला. पण ती माझ्याजवळ आलीच नाही. दिवसभर कोनाड्यात. ह्यांनी तर हात जोडले. मलाही क्षणभर वाटलं, पूर्वजन्मीचा कोणी पुण्यवान जीव असेल. बाबा एकादशीला दुधावर राहतात, त्यांच्याजवळ राहून हिलाही वळण लागलं असेल.

डाव्या हाताचं मात्र कळत नाही. आपल्या घरात डाव्या हातानं कोणी जनावरालासुद्धा घालत नाही. हिला डाव्या हातानं कोण घालायचं? तेवढं आठवून लिहा.

आपली,
अंजनी


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गोंदिया, ११ डिसेंबर

चि. सौ. अंजनीवन्सं यांस आशीर्वाद.

घडणावळीचं कळलं. उपकार झाले.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. पंचवीस वर्षं मी या घरात वाढून राहिली. माझ्या सासूबाईंनी, तुमच्या आईनं, कधी माझ्या वाढण्याला नाव ठेवलं नाही. आता एका मांजरीच्या साक्षीनं तुम्ही विचारता, डाव्या हातानं कोण घालायचं! प्रतिमाही नाही घालत, मीही नाही. हवं तर येऊन पाहा.

तुमचं पत्र मी नेहमीसारखं जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. यादी वाचली तेव्हा प्रतिमा हसत होती. डाव्या हाताचं आलं तेव्हा बाबा ताटावरून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. माझ्यावर आळ आलेला त्यांनाही सहन झाला नाही, असं मला वाटतं. बोलत नाहीत, पण माझी बाजू त्यांना ठाऊक आहे.

त्यांचं खाणं आता फारच कमी झालं आहे. मांजरीचा इतका घोर कोणी घेतलेला मी पाहिला नाही. ती परत आली तर जेवतील, असं ह्यांचंही मत पडलं. रामराव नाताळानंतर तुमच्याकडून निघणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवून द्या. खाली बाबांनी स्वतः लिहायला जागा मागितली आहे.

बेबी

चि. सौ. अंजनी हीस अनेक शुभाशीर्वाद. मांजर परत पाठवावी. तिला पाठविले त्या दिवशी मी देवळात पुराणाला बसलो होतो, मला कोणी विचारले नव्हते. सुनेचा त्यात दोष नाही, तिने चांगल्या हेतूनेच केले. घर सुने वाटते, घास गोड लागत नाही, एवढेच. बाकी माझी प्रकृती उत्तम आहे. जनावराचे खाणेपिणे वहीत लिहिण्याचे कारण नाही. कळावे.
रामकृष्ण


॥ श्री ॥

जबलपूर, १६ डिसेंबर १९६१

तीर्थरूप बाबांच्या चरणी अंजनीचे साष्टांग दंडवत.

हे पत्र तुमच्या नावानं, बंद पाकिटात पाठवते आहे. पाकिटाला पोस्टकार्डापेक्षा जास्त पडतात, पण हे वहिनींनी मोठ्यानं वाचावं असं नाही.

तुमच्या चार ओळी आल्या त्या दिवशी मी वहीचं ते पान पुन्हा काढलं. वहिनींचं आधीचं पत्र शेजारी ठेवलं. वहिनींनी लिहिलं होतं की तुम्हाला हल्ली दूध लागतं, ताक लागतं. मांजर गेल्यावर तुम्ही वरणाचं पाणी प्यायलात आणि पोळी टाकलीत. माझ्या पानावर दोन रकाने आहेत, खाते आणि खात नाही. बाबा, ती जे खात नाही ते सगळं तुम्ही घेता. ती जे खाते त्यातलं तुम्ही काही घेत नाही. घट्ट ते सगळं तिचं, पातळ ते सगळं तुमचं.

ती दूध प्यायला कधी शिकलीच नाही, कारण तुमच्या ताटातून दूध तिच्याकडे कधी आलं नाही. ते तुम्हाला उतरत होतं.

ती डाव्या हातानं खाते, कारण उजवा हात ताटात, सगळ्यांना दिसणारा. डावा मांडीआड. वहिनी पळी घेऊन आल्या की तुम्ही थांबत असाल, म्हणून ती थांबते. घास मळलेला आणि चावलेला लागतो, कारण तुम्ही आधी तो गिळून पाहत असाल. गेला नाही की बाहेर काढून तिला देत असाल. आणि एकादशीला तुम्ही दुधावर असता, त्या दिवशी लपवायचं काही नसे, म्हणून त्या दिवशी तिला बोलावणंच नसे. मी वेडी, तिला पुण्यवान समजत होते.

डाव्या हाताबद्दल मी विचारलं आणि वहिनींच्या मनाला लागलं. माझी चूक झाली. पण तुम्ही ताटावरून उठलात ते त्यांच्या बाजूनं नव्हे, हे मला वहीच्या त्या पानावरून कळलं.

माझं समजणं चुकलं असेल तर तसं लिहा, मी कान धरीन. पण चुकलं नसेल तर ही माझ्यापुरती गोष्ट नाही. घास किती दिवसांपासून अडतो? दुखतो का? पाणी तरी सरळ उतरतं का? मी दादाला काही लिहिलेलं नाही. तुम्ही त्याला सांगाल, या भरवशावर.

तुमची,
अंजनी


श्री

गोंदिया, २१ डिसेंबर १९६१

चि. सौ. अंजनी हीस अनेक शुभाशीर्वाद.

तुला मॅट्रिकपर्यंत शिकविले तेव्हा तुझ्या आईची तक्रार होती की मुलीला एवढे गणित कशाला. ती आज असती तर तिला हे पत्र दाखविले असते.

तुझे समजणे चुकलेले नाही. गणपतीच्या सुमारास प्रथम भाकरी अडली. मग पोळी. आता मऊ भातही छातीच्या वर थांबतो आणि परत येतो. दूध, ताक, पाणी जाते. दुखत नाही. अन्न टाकणे मला जन्मात जमले नाही, आणि अर्धे ताट परत गेले तर सून विचारणार. ते जनावर नेमके त्याच वेळी शेजारी येऊन बसले. डाव्या हाताने घातले, याची मला लाज वाटते. चित्राहुती घालून देवाचे नाव घ्यायचे आणि मग मांडीआड असे करायचे. प्रत्येक वेळी मनात क्षमा मागितली आहे.

आता ऐक. माघ शुद्ध पंचमीला प्रतिमाचे लग्न आहे. तुझा दादा बाबाराव पैशाच्या जुळवाजुळवीत आहे, सून रात्रंदिवस कामात. मी आता बोललो तर नागपूरला नेतील, तपासण्या होतील, आजारी म्हातारा घरात म्हणून वरपक्ष मुहूर्त पुढे ढकलायला सांगेल. मुलगी बावीस वर्षांची झाली. दोन स्थळे आधीच मोडली आहेत. एवढे लग्न पार पडू दे. नंतर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन, शब्द देतो. तोवर पाहुणीला पाठवून दे, म्हणजे ताट साफ जाईल आणि कोणी विचारणार नाही. दीड महिन्याचा प्रश्न आहे. दूध आहे.

बापाचे एवढे ऐक. कळावे, लोभ असावा.
रामकृष्ण


॥ श्री ॥

जबलपूर, २६ डिसेंबर १९६१

तीर्थरूप बाबांच्या चरणी अंजनीचे साष्टांग दंडवत.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, देवापुढं ठेवलं, आणि आता उत्तर लिहिते.

मांजर पाठवत नाही. आजवर तुमचा शब्द मोडला नव्हता. हा पहिलाच.

रामराव शुक्रवारी निघतील. त्यांच्याबरोबर वेताची करंडी रिकामी पाठवते, ती तुमच्या घरची आहे. पाहुणीनं इथं एक उंदीर मारला, परवा. खाल्ला नाही, मारून नर्मदादीदींच्या दारात नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, "चलो, कुछ तो सीखी।" डाव्या हातानं घालणं मी थांबवलं आहे. तीन दिवस रुसली, आता वाटीतून खाते, उजव्या हातानं ठेवलेल्या. सवय मोडते, बाबा.

तुम्ही लिहिता, दीड महिन्याचा प्रश्न आहे. माझ्या वहीत गणपतीपासून आजवर तीन महिने वर जवळजवळ अर्धा झालेले आहेत. त्यात हा दीड घातला तर पाच होतात. आधी भाकरी गेली, मग पोळी, मग भात. या क्रमानं पाचव्या महिन्यात कशाची पाळी आहे, ते तुम्ही मला शिकवलेल्या गणितानं काढा. मी काढलं. लिहीत नाही.

वरपक्षाचं म्हणाल तर मी विचार केला. गळ्याला काही झालं म्हणून नातीचं लग्न मोडत नाही. लग्नाच्या आठवड्यात आजोबा पडले, तर मोडतं. नागपूरला दोन दिवसांत तपासून येता येईल. पाव्हण्यांना सांगा, पाटल्या घ्यायला गेलो होतो. ते खोटंही होणार नाही, कारण नागपुरात सोनार आहेत आणि घडणावळीचा माझा कागद वहिनींकडे आहे.

वहिनींना तुम्ही स्वतः सांगावं, असं मला वाटतं. त्या चिडतील, रडतील, मग डाळीचं पाणी पाच तऱ्हेचं करतील. दोन महिने त्या लख्ख ताट पाहून समाधानी होत्या. ते ताट त्यांच्या हातचं होतं. त्यांना कळायला हवं की चूक त्यांच्या स्वयंपाकात नव्हती.

क्षमा मागितली असं तुम्ही लिहिलं. ती मांजर त्या घासांवर जगली, मोठी झाली. ते अन्न वाया गेलं असं देव धरणार नाही. पण आता ते तुमच्याकरता शिजतं आहे.

मी मंगळवारी दोन तारखेच्या छोट्या गाडीनं निघते. हे रजा काढू शकत नाहीत, मी एकटी येईन. पाहुणी नर्मदादीदींकडे राहील, त्यांना यादी दिली आहे. प्रतिमाच्या लग्नात पुरुषांच्या पंगतीची रीत काही असो, तुमच्या डाव्या अंगाला मी बसणार आहे. घास कुठं जातो ते मला दिसायला हवं.

दादाला सांगितलं की नाही, एवढंच उलट टपाली कळवा. मंगळवारच्या आत.

तुमची,
अंजनी